तिसऱ्या चावीचा खण

खिट्टीचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, कानशीने घासून हाताने कुलुपे घडवीत. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे यजमान, यांनी घडविणे सोडून कुलुपे विकणे आणि लोकांच्या अडलेल्या तिजोऱ्या उघडून देणे पत्करले. खिट्टीचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हॉटेलांच्या दारांना कार्डावर उघडणारी कुलुपे बसवीत महिन्याचे वीस दिवस बाहेरगावी असतो. खिट्टी ही चौथी पिढी. अंगाने बारीक आणि एकदा बसली की जागची न हलणारी, म्हणून यजमानांनीच तिला ते नाव दिले. आज दुकान ती चालवते, आणि ती ते नीट चालवते की नाही हे मी गल्ल्याशेजारच्या उंच खुर्चीतून पाहते.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. प्रत्येक कुलपाच्या दोन चाव्या गिऱ्हाइकाला मिळतात आणि तिसरी आमच्याकडे राहते. कुलपाच्या बुडाशी ठोकून आकडा उमटवायचा, तोच आकडा भिंतीवरच्या लाकडी खणाला द्यायचा, आणि खणातील चावीला चिठ्ठी बांधून तीवर ती कोणाच्या हाती द्यायची ते लिहायचे. कुलूप दोघांच्या मालकीचे असेल, तर चिठ्ठीवर 'मालक दोन' असे येते, आणि मग दोघे मिळून दुकानाच्या पायरीवर उभे राहिल्याखेरीज चावी बाहेर निघत नाही. एकटा आला तर सख्ख्या भावालाही सासऱ्यांनी रिकाम्या हाती परत धाडले होते. ते म्हणत, कुलूप चोरासाठी असते. ज्याच्यापुढे मालकच बाहेर ताटकळतो ते कुलूप नव्हे, ती भिंत.

ही भिंत आमच्या घरात आली ती एका खेळाच्या रूपाने.

दुकानाच्या मागच्या खोलीत मालाची नोंद ठेवण्यासाठी यजमानांनी संगणक घेतला, आणि त्याबरोबर एका खोक्यातून बंदरांचा खेळ आणला. दोन खेळाडू, दोन बंदरे, मध्ये समुद्र. एकीने जहाजे हाकायची, धक्के बांधायचे, आणि आपला डाव संपला की खुर्ची दुसरीला द्यायची. मी प्रथम नाक मुरडले. पण माझी नणंद, जिला मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणत आले, ती त्या खुर्चीत बसली आणि अर्ध्या तासात तिने माझ्या बंदराची नाकेबंदी केली. त्यानंतर मी नाक मुरडले नाही. वन्सं तेव्हा दोन गल्ल्या सोडून राहत. सोमवारी आणि शुक्रवारी, दुपारचा चहा झाला की आमचे आरमार सुटे.

खेळात एक मोठी खोड होती. तबकडी संगणकात घातल्यावर पडद्यावर प्रश्न उमटे: पुस्तिकेतील पान एकेचाळीस, ओळ सहा, शब्द तिसरा. तो शब्द लिहिला तर समुद्र उघडे. तीनदा चुकले की खेळ स्वतःच बंद होई. प्रश्न दर वेळी निराळा. आणि ही पुस्तिका गडद मरून रंगाच्या कागदावर काळ्या शाईत छापलेली, म्हणजे कोणी तिची झेरॉक्स काढील तर निव्वळ काळा कागद हाती यावा. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी एकदा हौसेने प्रयत्न करून पाहिला होता. शाई संपली, शब्द एक आला नाही. आम्हां दोघींना ती वाचायची तर दिवा तिरका धरावा लागे. विकत घेतलेली वस्तू वापरण्यासाठी दर वेळी परीक्षेला बसावे लागणे हे मला पहिल्या दिवसापासून सहन झाले नाही.

गंमत अशी की त्याच झेरॉक्सवाल्यांकडे या खेळाची कुठूनशी आलेली फुकट नक्कल होती. तिला पुस्तिका लागत नसे, तबकडी लागत नसे, प्रश्न तर ती विचारीतच नसे. ते चार वेळा जिंकून मोकळे झाले, आणि पैसे मोजून खोके आणणाऱ्या आम्ही दिवा तिरका धरून शब्द मोजत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

एका शुक्रवारी पुस्तिका नाहीशी झाली.

तो डाव ऐन रंगात होता. चाल वन्संची होती. त्यांचे पारडे हलके होऊ लागले आहे असे माझे स्पष्ट मत होते, आणि मागच्या सोमवारी शेवटचा हात पुस्तिकेला त्यांचाच लागला होता. यजमानांना विचारले, तर ते कानशीवरची नजर न उचलता म्हणाले, असायला हवी तिथे असेल. मला वाटले, बहिणीला पाठीशी घालताहेत. माझ्या तोंडून जे निघाले ते मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून, झेरॉक्सवाले आणि चावीसाठी थांबलेले एक गिऱ्हाईक यांच्यादेखत बोलले. हरायची वेळ आली म्हणून वन्संनी पुस्तिका चोरली, असे मी म्हटले. कुलपांच्या घरात चोर या शब्दाला फार वजन असते. वन्सं पदर सावरून निघून गेल्या.

त्यानंतर बोलणे तुटले असे नाही. बारसे, लग्न, आजारपण, सगळ्याला त्या आल्या, आम्ही गेलो. पण मागच्या खोलीत त्यांनी पाऊल ठेवले नाही. यजमान मात्र अधूनमधून एकच धोशा लावीत: दोघी मिळून एकदा दुकानात या. मी म्हणे, माझ्या दुकानात यायला मला कोणाची सोबत कशाला? दीड वर्षाने ते अचानक गेले, आणि तो धोशाही थांबला. अर्धा डाव संगणकात तसाच राहिला. बावीस वर्षे.

गेल्या महिन्यात वन्संचा फोन आला. त्या घर आवरून लेकीकडे समुद्रापलीकडे राहायला चालल्या होत्या, कायमच्या. जाण्याआधी चार दिवस आमच्याकडे येतील. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, माझी चाल राहिली आहे. ती खेळूनच जाईन म्हणते."

मी फोन ठेवला आणि खिट्टीला सांगितले की तुझी आत्याआजी शेवटी पुस्तिका परत आणते आहे. खिट्टीने संगणक उघडला, धूळ झाडली, पंखा आणि आतला विजेचा डबा बदलला. तबकडी फडक्याने पुसून घातली. यंत्र कण्हत कुथत जागे झाले आणि पडद्यावर प्रश्न उमटला, जणू आम्ही कालच उठून गेलो होतो: पान अठरा, ओळ दोन, शब्द पाचवा.

वन्सं आल्या. चहा झाला. बावीस वर्षांनी त्या मागच्या खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या, पडदा वाचला आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "काढा."

"काय काढू?"

"पुस्तिका. आता तरी काढा की, वहिनी. म्हाताऱ्या झालो आपण."

तेव्हा कळले की इतकी वर्षे त्यांचीही अशीच समजूत होती. मी हरू लागले म्हणून पुस्तिका मीच माझ्या ट्रंकेत दडवली, असे त्या लेकी-जावयांना सांगत आल्या होत्या. माझ्या ट्रंकेची जावयांत अशी ख्याती पसरली असेल याची मला कल्पना नव्हती. आम्हां दोघींनाही एकमेकींचे म्हणणे पटले नाही. ज्याच्या त्याच्या चोरावर ज्याचा त्याचा विश्वास असतो.

खिट्टी मध्ये पडली. भांडण मागाहून करा, म्हणाली, आधी दार उघडू. मला हे मान्य होते. वन्सं हरून जायला हव्या होत्या. न खेळता गेल्या असत्या तर मी उरलेले आयुष्य अर्ध्या डावावर काढले असते.

पहिला दिवस आठवणीत गेला. दोघी शेजारी बसून कोणत्या पानावर कोणता शब्द होता ते आठवू लागलो. वन्संना पान सातवरचा 'दोरखंड' आठवला, मला पान तिसावरचा 'वल्हे'. संध्याकाळपर्यंत अकरा शब्द गोळा झाले, आणि खेळाने त्या अकरांतला एकही विचारला नाही. खिट्टी म्हणाली, हे म्हणजे शाळेतल्या बाईंसारखं आहे, जे येत नाही तेच विचारतात.

दुसऱ्या दिवशी तिने त्या कंपनीचा माग काढला. ती कंपनी दुसरीने गिळली होती आणि दुसरीला तिसरीने. तिसरीच्या मदतकक्षाला खिट्टीने सविस्तर पत्र लिहिले: खोके आहे, तबकडी आहे, पुस्तिका हरवली आहे, कृपया शब्द कळवा. तासाभरात उत्तर आले. मालकीच्या खातरजमेसाठी पुस्तिकेच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवावा. खिट्टीने पुन्हा लिहिले की पुस्तिका हरवली आहे हीच तर तक्रार आहे. पुन्हा तेच उत्तर आले, फक्त या वेळी त्याखाली आमच्या समाधानाला एक ते पाचपैकी गुण देण्याची विनंती होती. मी खिट्टीला शून्य द्यायला सांगितले. शून्याची सोय नव्हती.

मग तिने त्या खेळाची नवी आवृत्ती विकत घेतली. तिला इंटरनेट अखंड लागे, खाते लागे, आणि आमचा जुना डाव ती ओळखीत नव्हती. शिवाय खिट्टीच्या लॅपटॉपवर आणि दुकानातल्या यंत्रावर घातल्यावर ती आवृत्ती म्हणाली की आपली मर्यादा संपली. मी विचारले, कोणाची मर्यादा? पैसे आपण दिले ना? आमच्या दुकानात एखाद्याने कुलूप घेतले आणि ते मागच्या दाराऐवजी पुढच्या दाराला लावले, तर आम्ही जाऊन ते काढून आणतो काय? वन्संनी मान डोलावली. बावीस वर्षांत आमचे एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा तो पहिला प्रसंग असावा.

तिसऱ्या दिवशी झेरॉक्सवाले आपली फुकट नक्कल घेऊन आले. तेही आता सत्तरीचे आहेत, पण त्या नकलेचा अभिमान तसाच ताजा. ती झटकन उघडली, प्रश्न न विचारता. समुद्र दिसला, बंदरे दिसली. मात्र आमचा डाव तिने वाचायचा नाकारला. तिची आवृत्ती वेगळी होती. झेरॉक्सवाले म्हणाले, "नवा डाव मांडा की, त्यात काय?" वन्सं आणि मी एकाच वेळी त्यांच्याकडे असे पाहिले की ते नक्कल घेऊन आपल्या दुकानात परत गेले.

चौथ्या दिवशी वन्संनी बॅग भरली. संध्याकाळी त्यांची गाडी होती. सकाळी मदतकक्षाकडून आणखी एक पत्र आले: शेवटचे पान उपलब्ध नसल्यास खोक्याच्या तळाचा स्पष्ट फोटो चालेल. खिट्टीने सुस्कारा टाकला, खोके उचलले आणि फोटोसाठी उलटे केले.

मी माझ्या खुर्चीतून पाहत होते. तिचा हात तसाच थांबला. खोक्याच्या तळाला पत्र्याची एक बारीक पट्टी रिबिटने बसवलेली होती आणि तिच्यावर ठोकून काढलेला आकडा होता: ३१७. सातची शेपटी जरा डावीकडे वळलेली. तो ठोका यजमानांचा होता. खोके आम्ही हजारदा हाताळले असेल, पण खोक्याच्या बुडाकडे कोण पाहतो? कुलपाच्या बुडाकडे मात्र आमच्या घरातली चौथी पिढीही आपोआप पाहते.

खिट्टी भिंतीकडे गेली. वरून चौथी रांग, कोपऱ्यातला खण. तिने तो अर्धा ओढला, आत पाहिले, चिठ्ठी वाचली आणि खण पुन्हा आत ढकलला. तिचे डोळे हसत होते.

मी म्हटले, दे इकडे.

"देता येणार नाही, आजी. चिठ्ठीवर मालक दोन आहेत."

मी तिला सांगितले की हे दुकान माझे आहे, ती खुर्ची माझी आहे आणि ती स्वतःही माझीच आहे. तिने गल्ल्यावर दोन्ही हात ठेवले, अगदी सासऱ्यांसारखे, आणि म्हणाली, "दुकान तुमचं असेल, खण तुमचा एकटीचा नाही. दोघी मिळून पायरीवर या आणि मागा. एकटीला द्यायची नाही, हे मला कोणी शिकवलं?"

मी शिकवले होते. ती सहा वर्षांची असताना, याच जागी, कान धरून.

तेव्हा मला यजमानांचा धोशा आठवला, आणि जो अर्थ बावीस वर्षे डोक्यात शिरला नव्हता तो एकदम शिरला. त्या माणसाने स्वतःच्या बायकोसाठीही रीत मोडली नव्हती. आम्ही मिळून मागायला येऊ, याची तो वाट पाहत राहिला. आणि मी, मला कोणाची सोबत कशाला, म्हणत राहिले.

वन्सं वरच्या खोलीत बॅगेची चेन ओढत होत्या. जिना मी हल्ली दिवसातून एकदाच चढते, तो मी दुसऱ्यांदा चढले. दारात उभी राहून म्हटले, "वन्सं, माझ्याबरोबर दुकानात येता का?"

त्यांनी वळून पाहिले. "दोघी मिळून?"

त्यांनाही तो धोशा आठवत होता. त्यांचा दादा, म्हणजे आमचे यजमान, त्यांनाही तेच सांगत असे, आणि त्यांनीही मानीपणाने उत्तर दिले होते की वहिनी बोलवायला आल्या तर येईन. मी आज बोलवायला आले होते. त्यांनी बॅग तशीच सोडली.

आम्ही दुकानाच्या बाहेरून, पायरीवरून आलो. लग्न होऊन या घरात आल्यापासून गिऱ्हाईक म्हणून मी पहिल्यांदाच उभी राहत होते. झेरॉक्सवाले वर्तमानपत्र घेऊन बाकावर बसले होते, आणि कपाटाचे कुलूप घेऊन आलेली एक बाई रांगेत आमच्या मागे उभी राहिली. खिट्टीने गंभीर चेहऱ्याने विचारले, काय हवं होतं. मी सांगण्यासाठी तोंड उघडले आणि थांबले. याच पायरीवर उभी राहून मी एकदा काही बोलले होते, आणि ते परत घेतल्याखेरीज दुसरे काही मागणे शोभले नसते. चारचौघांत दिलेले चारचौघांतच परत घ्यावे लागते.

"ऐका," मी म्हटले, आणि झेरॉक्सवाल्यांनी वर्तमानपत्र खाली केले. "बावीस वर्षांपूर्वी इथे उभी राहून मी वन्संना चोर म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं होतं. त्या चोर नाहीत. चूक माझी होती."

रांगेतल्या बाईंना काही संदर्भ नव्हता, पण त्यांनी समंजसपणे मान हलवली. वन्संनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आणि वहिनींच्या ट्रंकेत काही नव्हतं. मी जावयांना आजच कळवते."

"आता द्या," मी खिट्टीला म्हटले.

तिने खण पूर्ण ओढला. आत मरून पुस्तिकेची गुंडाळी, कुलपाच्या दोऱ्याने बांधलेली. तिने आधी चिठ्ठी मोठ्याने वाचली; ती सगळी आम्हांलाही नवी होती. "खण ३१७. मालक दोन. सौ. मंगळवारी एकटी उघडून बहिणीची जहाजे पाहते. बहीण गुरुवारी भाजीला म्हणून येते आणि सौ.ची पाहते. दोघी मिळून आल्यासच देणे."

मंगळवारचे खरे होते. यजमान तेव्हा दुकानात पुढे असत आणि मला वाटे की कानशीच्या आवाजात मागचे काही ऐकू येत नाही. मी वन्संकडे पाहिले. गुरुवारचेही खरे होते. ते त्यांच्या कानांच्या लाल झालेल्या पाळ्यांवरून दिसत होते. प्रथम कोण हसले ते सांगता येणार नाही. मी इतकी हसले की उंच खुर्ची पुढच्या बाजूला आणून मला तीत बसवावे लागले. झेरॉक्सवाले डोळे पुसत म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग रांगेतल्या बाईंना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. त्यांनी आपले कुलूप तसेच हातात धरून ठेवले आणि शेवटपर्यंत थांबल्या.

खिट्टी म्हणाली, आता शब्द सगळे वहीत उतरवून ठेवते, म्हणजे पुन्हा ही कटकट नको. मी नको म्हटले. ज्याने ही पुस्तिका छापली त्याने मालकाला बाहेर ठेवण्यासाठी ती छापली. ज्याने ती खणात ठेवली त्याने आम्हांला एकत्र आत आणण्यासाठी ठेवली. पुस्तिका एकच असली तरी कुलूप दुसरे झाले होते. ती खणातच राहील. वन्सं समुद्रापलीकडून येतील तेव्हा आम्ही पायरीवर उभ्या राहून मागू. वन्सं म्हणाल्या की मग मला यावंच लागेल, आणि मी म्हटले, तसाच हेतू आहे.

गाडीला तीन तास होते. मागच्या खोलीत खेळाने विचारले: पान त्रेपन्न, ओळ आठ, शब्द पहिला. मी दिवा तिरका धरला. वन्संनी चष्मा कपाळावर सरकवून पुस्तिका नाकाजवळ नेली, बोटाने ओळी मोजल्या आणि 'दीपस्तंभ' असे अक्षर अक्षर लिहिले. समुद्र उघडला. माझी अकरा जहाजे, त्यांची सात, सगळी बावीस वर्षे नांगर टाकून उभी. कोपऱ्यात लिहिले होते: खेळाडू दोन, चाल तुमची.

मी खुर्चीमागे उभी राहिले. त्यांचे पारडे हलके आहे या माझ्या मतात तसूभर फरक पडला नव्हता. वन्संनी एक जहाज उचलले, जे मी मंगळवारी मंगळवारी पाहूनही कधी लक्षात घेतले नव्हते, आणि ते माझ्या धक्क्याच्या तोंडाशी अलगद नेऊन ठेवले. माझी अकराच्या अकरा जहाजे आत अडकली. पडद्यावर त्यांचा झेंडा चढला.

"ही चाल," त्या म्हणाल्या, "त्याच शुक्रवारी मनात होती."

मी पडदा नीट पाहिला. सुटकेची वाट कोठेही नव्हती. खिट्टी श्वास रोखून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी दिवा सरळ करून जागेवर ठेवला, वन्संच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "माझ्याकडे तुमचं आणखी काही राहिलं आहे का?"

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, माझ्या अडकलेल्या आरमाराकडे एकवार समाधानाने पाहिले आणि म्हणाल्या, "नाही, वहिनी. सगळं फिटलं."